जखमेला फुटलेली मुळे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते, आणि त्यांचा वर्ग जितका फळ्यासमोर भरे तितकाच बागेत भरे. त्यांच्या नावाने बोलायचे तर बागेतलाच एक प्रश्न घ्यावा असे मी ठरवले. प्रश्न एका ओळीचा आहे. कापलेल्या फांदीला मूळ येते कुठून?

हे आपण इतक्या वेळा पाहिलेले असते की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. जास्वंदाची काडी कुंडीत खोचली, पाणी घातले, महिन्याभरात रुजली. पण जरा त्या काडीच्या बाजूने बघा. कात्री लागली तेव्हा तिच्यात एकही मुळी नव्हती. तिच्यातली एकूण एक पेशी खोडाची होती. कुणी साल झालेली, कुणी पाणी वर नेणारी, कुणी पानांत तयार झालेले अन्न खाली आणणारी. मुळाचे काम यांपैकी एकीनेही कधी केलेले नव्हते. पाणी तुटलेले, अन्नाचा साठा बेताचा, उघड्या जखमेवर बुरशी टपलेली, अशा अवस्थेत ही काडी आपल्याजवळ नसलेला एक अख्खा अवयव नव्याने घडवते. पालीला शेपूट पुन्हा येते, पण तुटलेल्या शेपटीला पाल येत नाही. फांदीच्या बाबतीत मात्र तुकड्यापासून अख्खे झाड उभे राहते.

हा गुण केवळ कुतूहलाचा नाही. महाराष्ट्राच्या शेतीतला फार मोठा पैसा त्याच्यावर उभा आहे. उसाचे बी आपण पेरत नाही, टिपरी लावतो. द्राक्षाची बाग काडीपासून उभी राहते, डाळिंबाची गुटीपासून. अंजीर, गुलाब, मोगरा, शेवगा, बांधावरचे गिरिपुष्प, कुंपणाचा पांगारा हे सगळे याच वाटेने येतात. आणि ही वाट जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. फांदी कापून, शेणाने लिंपून लावता येणाऱ्या झाडांची नावे त्यात दिली आहेत. त्या यादीत फणस, केळ आणि जांभूळ आहेत, तशीच द्राक्ष आणि डाळिंबही आहेत. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार आणि सोलापूरचे डाळिंबवाले आज जे करतात त्याची नोंद दीड हजार वर्षांपूर्वी झालेली आहे. लोकांना कसे करायचे हे फार आधी कळले होते. ते का घडते हे कळायला मात्र आपल्या काळापर्यंत थांबावे लागले, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग तर गेल्या दहा-बारा वर्षांत उलगडला आहे. तोच आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आधी एक भेद सांगायला हवा. सगळ्याच काड्या एका रीतीने मुळे धरत नाहीत. उसाचे टिपरे हातात घेऊन डोळ्याजवळ बघा. कांड्याभोवती बारीक ठिपक्यांचा एक पट्टा दिसेल. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक झोपलेली मुळी. ऊस शेतात उभा असतानाच ती तयार झालेली असते. ओल मिळाली की काही दिवसांत ती बाहेर पडते आणि डोळ्यातून निघालेल्या कोंबाला स्वतःची मुळे येईपर्यंत सांभाळते. आपल्या ओढ्यानाल्यांकाठी वाढणारे वाळुंज ज्या कुळातले आहे, त्या कुळातल्या अनेक झाडांच्या सालीखालीही अशा मुळ्या आधीपासून दडून असतात. वडाच्या पारंब्यांना तर जखमही लागत नाही आणि मातीही लागत नाही. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड वादळांनंतर बुरशीने कुजले आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तो वड आज पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतो आहे.

या झाडांनी मूळ आधीच राखून ठेवलेले असते. माझा विषय दुसऱ्या प्रकारच्या झाडांचा आहे, ज्यांच्यापाशी असे काहीच शिलकीत नसते. गुलाब, डाळिंब आणि इतर असंख्य झाडे. त्यांच्यात मूळ शून्यापासून घडावे लागते आणि घडण्यासाठी जखम व्हावी लागते.

या प्रकरणातला पहिला धागा सापडला तो सतराव्या शतकात. इटलीत बोलोन्याला मार्चेल्लो माल्पिगी नावाच्या वैद्याने झाडाच्या फांदीवरून सालीचे एक कडे काढून टाकले. आतले लाकूड तसेच ठेवले. पाणी लाकडातून जात असल्यामुळे फांदी वाळली नाही, पण कड्याच्या वरची बाजू सुजून जाड झाली. पानांकडून काहीतरी सालीतून खाली येत होते आणि वाट तुटल्यामुळे तिथेच साचत होते. आपले शेतकरी डाळिंबाची गुटी बांधतात तेव्हा नेमका हाच प्रयोग करतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोलाकार काढायची, ओले मॉस गुंडाळायचे, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचे. गुटी सोडून पाहिलीत तर मुळे वरच्या कडेला फुटलेली दिसतील, खालच्या कडेला नाहीत. जखम दोन्ही कडांना सारखीच झाली होती. मग मुळे एकाच कडेला का?

याचे उत्तर शोधताना जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फ्योख्टिंग याने वाळुंजाच्याच कुळातल्या विलोच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत टांगले. काही सुलटे, काही उलटे. १८७८ साली त्याने आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दाखवले होते की तुकडा कसाही टांगा, मुळे त्याच्या मूळच्या बुडालाच येतात आणि कोंब मूळच्या शेंड्याकडेच. तुकड्याचे आणखी तुकडे केले तरी प्रत्येकाला आपले बूड आणि शेंडा माहीत असतो. नर्सरीत काडी कापताना बुडाचा काप तिरका आणि शेंड्याचा सरळ ठेवायची पद्धत आहे. पुष्कळांना वाटते की तिरक्या कापामुळे पाणी जास्त शोषले जाते. माझ्या मते तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. शेकडो काड्यांच्या जुडीत बूड कोणते आणि शेंडा कोणता हे माळ्याला पटकन कळावे, कारण काडीला ते पक्के कळत असते आणि उलटी लावलेली काडी माफ करत नाही.

पुढची कहाणी ऑक्झिनची. ती अनेकांना ठाऊक असेल म्हणून थोडक्यात सांगतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली लिहिले की गवताच्या कोंबाचे टोक प्रकाश ओळखते आणि वाकते मात्र खालचा भाग, तेव्हा टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. १९२६ साली हॉलंडमध्ये युट्रेख्तला फ्रिट्स वेंट या तरुणाने तो निरोप अगरच्या तुकड्यात पकडला. त्याच सुमारास मूळ घडवणारा एखादा वेगळा पदार्थ पानांत तयार होतो का, याचा शोध चालू होता. १९३४-३५ मध्ये वेंट आणि केनेथ थिमन यांच्या कामातून स्पष्ट झाले की कोंब वाढवणारा आणि काडीला मुळे आणणारा पदार्थ एकच आहे, इंडोल ॲसेटिक आम्ल, म्हणजेच ऑक्झिन. युट्रेख्तच्याच प्रयोगशाळेने १९३४ साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला होता, आणि तोही मानवी मूत्रातून, कारण वनस्पतीत तो इतका अल्प असतो की त्या काळच्या साधनांना तो सापडणे कठीण होते. १९३५ साली अमेरिकेत बॉइस थॉम्प्सन संस्थेतल्या झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवले की त्याचा भाऊबंद, इंडोल ब्युटिरिक आम्ल, मुळे आणण्यात अधिक खात्रीचा आहे. आज कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळणारी रूटिंग पावडर म्हणजे बहुधा हेच आम्ल शंखजिऱ्यात मिसळलेले असते.

गुटीच्या वरच्या कडेचे कोडे इथे सुटते. ऑक्झिन शेंड्याकडून आणि कोवळ्या पानांकडून बुडाकडे, पेशीतून पेशीत, एकाच दिशेने वाहते. ते पेशीबाहेर सोडणारी प्रथिने पेशीच्या खालच्या बाजूला बसवलेली असतात. वाट मध्येच कापली की ऑक्झिन कापाच्या वरच्या बाजूला साठते. पानांचे अन्नही तिथेच अडते. मूळ फुटण्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी एका जागी गोळा होतात.

बहुतेक पाठ्यपुस्तके इथे थांबतात. कापले, ऑक्झिन साठले, मूळ आले. पण एवढ्यावर समाधान मानले तर जखम ही फक्त एक अडथळा ठरते, वाटेत घातलेला बांध. जखम त्याहून पुष्कळ जास्त काही सांगते, आणि हे ज्याला आधी जाणवले त्याचे नाव गोटलीब हाबरलांट. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याने नवलकोलाच्या कापलेल्या पृष्ठभागावर प्रयोग केले. काप लगेच पाण्याने नीट धुतला तर कापाखालच्या पेशी फारशा विभागत नाहीत. धुतलेल्या कापावर त्याच नवलकोलाचा ठेचलेला गर चोळला की पुन्हा विभागू लागतात. फुटलेल्या पेशींतून काहीतरी बाहेर येते आणि शेजारच्या जिवंत पेशींना सांगते की इथे जखम झाली आहे. हाबरलांटने त्याला जखमेचे संप्रेरक म्हटले. पदार्थ कोणता हे त्याला सांगता आले नाही. त्यानंतरची कित्येक दशके हा विचार ऑक्झिनच्या झगमगाटात मागे पडला.

आता आपल्या काळात येऊ. मोहरीच्या कुळातली अरबिडॉप्सिस ही चिमुकली वनस्पती प्रयोगशाळांची लाडकी आहे. तिचे पान देठाशी कापून, कोणतेही संप्रेरक न घातलेल्या माध्यमावर ठेवले तर आठवडाभरात देठाच्या टोकाला मूळ दिसू लागते. शांघायमधल्या लिन शू यांच्या प्रयोगशाळेने या साध्या घटनेचा पहिल्या क्षणापासून पाठलाग केला. २०१९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे. पान कापल्यावर लगोलग त्यात जास्मोनेट नावाच्या संप्रेरकाचा लोंढा येतो. हे चमेलीच्या सुगंधी तेलातल्या एका घटकाचे नातलग. आजवर ते किडीने पान कुरतडल्यावर झाडाला सावध करणारे म्हणून ओळखले जात होते. जास्मोनेट एका नियामक प्रथिनाला जागे करते. ते प्रथिन अशा एका जनुकाला चालना देते ज्याच्या कामातून ट्रिप्टोफॅन तयार होते, आणि ट्रिप्टोफॅनपासून बनते ऑक्झिन. म्हणजे कापाजवळ साठणारे ऑक्झिन केवळ वरून वाहत आलेले नसते. जखम स्वतः ते तयार करवून घेते.

आणि मग, साधारण दोन तासांनी, ही सूचना बंद केली जाते. ते नियामक प्रथिन आता दुसरी प्रथिने येऊन जखडून टाकतात. जखमेची हाक अशी वेळेत थांबवली नाही तर वनस्पती जखमेला नको इतका प्रतिसाद देत राहते. म्हणून हाक मोठ्याने द्यायची आणि थोड्याच वेळात थांबवायची, असा हा क्रम आहे.

मला विचाराल तर या विषयातल्या आजवरच्या सगळ्या शोधांत हा थांबण्याचा भाग सर्वांत मोलाचा आहे. जखमेला प्रतिसाद देणे प्राण्यांनाही येते, आणि आपल्या शरीरात तो प्रतिसाद लांबला की सूज, व्रण, चट्टा होतो. वनस्पतीने त्याला वेळेची मर्यादा घातली आहे. जखमेचा वापर ती सुरुवात म्हणून करते आणि पुढचे काम ऑक्झिनच्या हाती सोपवते.

हाबरलांटचा जखमेचा निरोपही आता आणखी स्पष्ट झाला आहे. २०२४ साली चीनमधल्या छुआनयू ली यांच्या गटाने टोमॅटोत एक छोटे पेप्टाइड शोधले, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. जखमेच्या जागी ते पेशींना पुनर्निर्मितीकडे वळवते. टोमॅटोखेरीज सोयाबीन, गहू आणि मका यांतही ते बाहेरून दिल्यावर नवी रोपे घडण्याचे प्रमाण वाढले. नवलकोलाच्या गरात हाबरलांटला जे जाणवले होते त्या जातीचा एक निरोप्या शंभर वर्षांनी हाती लागला, असे मी म्हणेन. सोयाबीन आणि गहू यांसारख्या पिकांना प्रयोगशाळेत रोप म्हणून परत उभे करणे अतिशय कष्टाचे असते. त्या कामाला यातून बळ मिळेल.

ऑक्झिन आले, पण मूळ कोणती पेशी होणार? सगळ्याच होत नाहीत. साल होत नाही, जलवाहिन्या तर मेलेल्याच असतात. काम करतात त्या रसवाहिन्यांच्या शेजारच्या, कँबियम या विभागणाऱ्या पेशींच्या थराच्या आसपासच्या पेशी. याच शांघायच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की ऑक्झिन तिथे पोचले की वॉक्स-११ आणि वॉक्स-१२ ही दोन जनुके जागी होतात. त्यानंतर त्या पेशीची ओळख बदलते. ती मुळाची आद्य पेशी होते. पुढे दुसरी जनुके काम हाती घेतात, पेशी विभागू लागतात, मुळाचे टोक आकार घेते आणि साल फोडून बाहेर येते. पेशी काय आहे हे तिच्या जन्मावर ठरत नाही. ती कुठे आहे आणि शेजारून तिला काय सांगितले जाते आहे यावर ठरते. मुळाचे टोकच छाटून टाकले तरी उरलेल्या पेशी ते काही दिवसांत पुन्हा बांधतात. २००९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या केनेथ बर्नबॉम यांच्या गटाने दाखवले की मूळपेशींचे नेहमीचे केंद्र नीट काम करत नसले तरीही हे होते. झाडाने आपली पुनर्निर्मिती एका राखीव कोपऱ्यात कुलूपबंद करून ठेवलेली नाही.

इथे नर्सरीतल्या एका पक्क्या समजुतीबद्दल बोलणे भाग आहे. काडीच्या बुडाला पांढरी, खरबरीत गाठ येते. तिला सगळे कॅलस म्हणतात. कॅलस आला म्हणजे मूळ येणारच, असे समजून लोक निर्धास्त होतात. बऱ्याच झाडांत कॅलस आणि मूळ एकाच परिस्थितीत येतात म्हणून बरोबर दिसतात, एवढेच. मूळ कॅलसमधूनच यायला हवे असे नाही. भलामोठा कॅलस धरून बसलेल्या आणि कधीच मूळ न फोडणाऱ्या काड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. प्रयोगशाळेतल्या कॅलसबद्दलची समजूतही बदलली आहे. तो म्हणजे ओळख पुसलेल्या, कोऱ्या पेशींचा गोळा, असे आम्ही विद्यार्थी असताना शिकलो. २०१० साली काओरू सुगिमोतो आणि एलियट मायरोवित्झ यांनी दाखवले की पानापासून, पाकळीपासून, कुठूनही कॅलस वाढवा, त्याची अंतर्गत रचना मुळाच्या टोकासारखीच असते. वनस्पतीला नव्याने काहीतरी घडवायचे झाले की ती आधी मुळाच्या वाटेने जाते. यावर माझा अजूनही विस्मय ओसरलेला नाही.

टिश्यू कल्चरची केळी सगळ्यांच्या ओळखीची आहेत. जळगावच्या शेतात दिसणारे ग्रँड नैन जातीचे एकसारखे रोप संप्रेरकांच्या प्रमाणाच्या समजेतून येते. १९५७ साली फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या गाभ्यावर दाखवले की माध्यमात ऑक्झिन जास्त आणि सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक कमी असेल तर मुळे येतात, उलट असेल तर कोंब येतात, दोन्ही सारखी असतील तर नुसता कॅलस वाढतो. प्रयोगशाळेत आधी कोंब वाढवतात, मग प्रमाण फिरवून मुळे आणतात.

मग आंब्याची काडी का रुजत नाही? हापूसची फांदी कापून लावली तर ती वाळते किंवा कुजते. मुळे येणे इतके दुर्मीळ की कोकणाने हा नाद सोडून भेट कलम आणि कोय कलमाची वाट धरली, म्हणजे मुळे बाठ्याची आणि फांदी हापूसची. जुने स्पष्टीकरण असे की अशा झाडांच्या सालीखाली कठीण तंतूंचे कडे असते आणि आत तयार झालेले मूळ ते फोडू शकत नाही. ऑलिव्हवरच्या अभ्यासात मात्र कड्याचा आणि मुळे येण्याचा मेळ बसला नाही. मूळ आत तयारच होत नाही, हीच बहुतेक वेळा खरी अडचण असते. पेशींपर्यंत ऑक्झिन पोचते, पण त्या ऐकत नाहीत.

आणि न ऐकण्याचे एक मोठे कारण वय. कोवळ्या रोपाची काडी जितकी सहज रुजते तितकी फळावर आलेल्या झाडाची रुजत नाही, हे प्रत्येक माळ्याला माहीत असते. २०२० मध्ये अरबिडॉप्सिसवरच्याच कामातून त्याचे एक कारण हाती लागले. वय वाढते तशी काही नियामक प्रथिने वाढतात आणि ती जखमेला उत्तर देणारी जनुके दाबून धरतात. जखम तेवढीच होते, पण जुन्या पानात तिचा निरोप क्षीण होतो आणि ऑक्झिनही कमी बनते. जखम आणि वय यांचा हिशोब एकाच वहीत लिहिलेला आहे. म्हणून भद्राचलमला निलगिरीचे क्लोन वाढवणारे मातृवृक्ष उंच वाढू देत नाहीत. ते पुन्हा पुन्हा छाटून बुंध्याजवळचे कोवळे फुटवे घेतात, कारण बुंध्याजवळचा फुटवा शरीराने तरुण असतो. आपल्याकडे १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. एफ. मास्करेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागाची टिश्यू कल्चरने वाढ करून दाखवली. निवडक, पूर्ण वाढलेल्या सागापासून रोपे उभी करणे या वयाच्या अडचणीमुळेच किती कठीण होते हे लक्षात घेतले की त्या कामाचे मोल कळते. महाराष्ट्रातल्या विज्ञानशिक्षणात त्याचा जेवढा उल्लेख व्हायला हवा तेवढा होत नाही.

या सगळ्यातून काडी लावणाऱ्याला काय मिळते, तेही सांगायला हवे. पावडर ही सूचना आहे, अन्न नाही. काडीत साठा नसेल तर सूचना ऐकून बांधायचे कशाने? म्हणून भरलेली, पक्व काडी निवडा. पान ठेवलेत तर ते अन्न आणि ऑक्झिन देते, पण पाणीही उडवते, म्हणून हिरव्या काड्यांची मोठी पाने अर्धी कापायची आणि हवा दमट ठेवायची. पावडर जास्त म्हणजे मुळे जास्त, हेही खरे नाही. कठीण काड्यांना इंडोल ब्युटिरिक आम्ल दर लिटरला दोन ते पाच ग्रॅमपर्यंत, तेही काही सेकंद बुडवण्यापुरते वापरतात. त्याच्या पुढे काडी जळते, डोळे फुटत नाहीत. ऑक्झिन अति झाले की मारते; तणनाशक म्हणून फवारले जाणारे २,४-डी हेही एक कृत्रिम ऑक्झिनच आहे. काप धारदार चाकूने घ्या. ठेचलेल्या काडीत निरोप देणाऱ्यांपेक्षा मेलेल्या पेशीच जास्त उरतात आणि तिथे कुजणे सुरू होते. अवघड झाडांच्या काडीला बुडाशी दोन बाजूंनी सालीवर उभ्या चिरा देण्याची माळ्यांची पद्धत आता विज्ञानाच्या उजेडातही योग्य ठरते.

शेवटी एक गंभीर गोष्ट. काडी झाडाचे सर्व काही घेऊन येते, आणि सर्व काही म्हणजे रोगही. बीजातून जे अनेक रोग गाळले जातात ते काडीतून आणि टिपऱ्यातून जसेच्या तसे पुढे जातात. उसाची गवताळ वाढ बेण्यातून पसरते. म्हणून बेण्याला ५४ अंश सेल्सियसची बाष्पयुक्त उष्ण हवा अडीच तास देऊन मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित असे बेणे तयार करायची व्यवस्था आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाने सोलापूर आणि नाशिक पट्ट्यातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. रोगट झाडावर बांधलेली गुटी हे त्याच्या प्रसाराचे एक मोठे साधन राहिले आहे. गुटी स्वस्त मिळते, दिसायला टवटवीत असते, आणि जीवाणू तिच्यात शांतपणे वाट पाहत असतात. एका मातृवृक्षाच्या हजारो गुट्या म्हणजे एका रोगाला हजार शेतांचे दार.

तरीही आपल्याकडे रोप घेताना लोक पिशवी पाहतात, उंची पाहतात, दर पाहतात. मातृवृक्ष कोणीच पाहत नाही. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला ते दाखवायची सोय बहुतेक रोपवाटिकांनी ठेवलेलीच नाही. ती ठेवली पाहिजे. प्रत्येक रोपवाटिकेत मातृवृक्षांची वेगळी, नोंद असलेली, तपासलेली बाग असावी, आणि ग्राहकाला ती उघडी असावी. सभागृहात आज द्राक्ष आणि डाळिंबाचे बागायतदार बसले आहेत, रोपवाटिका चालवणारेही आहेत. बागायतदारांना माझी विनंती आहे की पुढच्या लागवडीची रोपे ठरवण्याआधी रोपवाटिकेत जाऊन ज्या झाडावरून काडी किंवा गुटी घेतली ते झाड दाखवायला सांगा, आणि ते दाखवता येत नसेल तर रोपे घेऊ नका.